बाळाचं दूध आणि तांब्या-पितळेचं भांडं

बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याचं दूध, त्या दुधात घालायचं पाणी, पेज आणि खिमट तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात तापवू नका, साठवू नका, त्यातून पाजूही नका. स्टील वापरा, काच वापरा. पहिले सहा महिने अंगावरचं दूध मिळत असेल तर वरून पाण्याचा घोटसुद्धा लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. एवढं जरी पाळलं तरी या लेखाचं काम झालं. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण सांगावं लागतं, आणि ते कारण आपल्याच पुणे जिल्ह्यात सापडलेलं आहे. म्हणून ते नीट माहीत असावं.

पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत आणि चाकण-म्हाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांत गेल्या काही वर्षांत तांबं पुन्हा आलं आहे. कंपनीच्या दिवाळी भेटीत तांब्याची बाटली मिळते, ओट्यावर नळ बसवलेला तांब्याचा जार दिसतो, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर ‘कॉपर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी पिणं चांगलं, हे आजोबांपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत सगळेच सांगतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत माझी त्याला हरकत नाही. काळजी एवढीच आहे, की घरात जे सगळ्यांसाठी चांगलं मानलं जातं ते बाळालाही मिळावं असं वाटणारी माणसं प्रेमापोटीच बाळाच्या बाटलीत तेच पाणी घालतात.

आता पुण्याची गोष्ट. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना होणारा यकृताचा एक आजार आपल्या देशात शंभर वर्षं तरी माहीत होता. सेन नावाच्या डॉक्टरांनी १८८७ मध्ये कलकत्त्यात त्याचं वर्णन केलं होतं. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ म्हणतात, आणि आपल्याकडे आयाबाया नुसतं ‘लिव्हर झालं’ म्हणत. मूल आधी चिडचिडं व्हायचं, खाणं सोडायचं. पोट पुढे यायचं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला की यकृत कडक आणि त्याची कड धारदार लागायची. मग डोळे पिवळे व्हायचे, पोटात पाणी भरायचं आणि काही महिन्यांत मूल जायचं. एकाच घरात एकामागून एक दोन मुलं गेल्याची उदाहरणं होती. त्यामुळे शाप, नजर, दोष असलं सगळं त्या आईच्या माथी मारलं जाई. आजार खाऊनपिऊन सुखी, मध्यम परिस्थितीतल्या ग्रामीण कुटुंबांतही भरपूर दिसत होता, म्हणजे नुसत्या कुपोषणानं त्याचा उलगडा होत नव्हता.

पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे ही मुलं तपासत होते. त्यांच्या जोडीला इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर होते. या मुलांच्या यकृताच्या तुकड्यात तांब्याचं प्रमाण भयंकर वाढलेलं होतं. निरोगी मोठ्या मुलाच्या यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांत ते ८०० च्या पुढे, पुष्कळदा हजाराच्याही पुढे सापडे. एवढं तांबं आलं कुठून, हा शोध घेत ही मंडळी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपलं म्हणणं मांडलं: बाळाला फार लवकर वरचं दूध सुरू होतं, ते गाईचं किंवा म्हशीचं दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जातं, आणि तिथून तांबं दुधात उतरतं. पुढे १९८७ मध्ये आजारी मुलांच्या आणि त्यांच्याच वयाच्या निरोगी मुलांच्या दूधपाण्याच्या सवयी जोडीजोडीनं ताडून पाहिल्या, तेव्हा फरक उघड दिसला. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालं होतं आणि पितळेचं भांडं त्यांच्याच घरात जास्त वापरात होतं.

इथे आपल्या घरातल्या एका जुन्या ज्ञानाकडे बघायला हवं. पितळेच्या पातेल्यात ताक, आमटी किंवा चिंचेचं सार राहिलं तर ते कळकतं, हे प्रत्येक आजीला ठाऊक असतं. कळकलेलं ताक हिरवट दिसतं, तोंडात धरवत नाही, मळमळतं. म्हणून आंबट पदार्थांसाठी कल्हई केलेलं भांडं राखून ठेवलेलं असे. दूध मात्र असं काहीच दाखवत नाही. त्याचा रंग बदलत नाही, वास येत नाही, चवही बिघडल्यासारखी वाटत नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं स्वतःला बांधून घेतं. टॅनर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दाखवलं: पितळेच्या भांड्यात ठेवलेलं दूध तांबं शोषून घेतं आणि त्यातलं बरंचसं केसिनला चिकटून राहतं. म्हणजे ज्या भांड्यात आजी ताक कधीच ठेवणार नाही, त्यात ती बाळाचं दूध निर्धास्त ठेवी, कारण तिला सावध करणारी कोणतीच खूण दुधात उमटत नव्हती. बाळाचं दूध थोडं थोडं लागतं, म्हणून छोटं पितळी भांडं चुलीच्या कडेला दिवसभर कोमट राहायचं. पुन्हा पुन्हा तापायचं, त्यामुळे धातूशी संबंध वाढत जायचा. यात कुणाची बेफिकिरी नव्हती, उलट बाळाचं दूध वेगळं, झाकून, ऊन ठेवणारी ती काळजीवाहू घरं होती.

मोठ्यांना न बाधणारं तांबं तान्ह्या बाळालाच का बाधतं? एक तर बाळ जन्मतःच यकृतात तांब्याचा साठा घेऊन येतं. नवजात बाळाच्या यकृतात मोठ्या माणसाच्या कितीतरी पट तांबं असतं आणि ते नैसर्गिक आहे. पहिल्या काही महिन्यांत तो साठा हळूहळू खर्च होतो. जादा तांबं शरीर पित्तावाटे बाहेर टाकतं, पण ही व्यवस्था बाळात अजून पुरती तयार झालेली नसते. आणि वजनाच्या मानानं बाळ आपल्यापेक्षा फार जास्त द्रव पितं. सहा किलोचं, बाहेरच्या दुधावरचं बाळ दिवसाला सुमारे ९०० मिलिलिटर दूध पितं. तेवढं पाणी साठ किलोच्या माणसाला वजनाच्या हिशेबानं प्यायचं झालं तर नऊ लिटर लागेल. आईच्या दुधात तांबं अगदी बेताचं असतं. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला दिवसाला ०.२ मिलिग्रॅम पुरतं आणि तेवढं त्याला आईकडून मिळतं. डब्यातल्या पावडरीतही ते मोजून घातलेलं असतं. वरून द्यायची काहीच गरज नाही.

या आजाराविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पितळेच्या भांड्यातलं दूध प्यालेली लाखो मुलं व्यवस्थित मोठी झाली. आपल्या आईवडिलांपैकीच कितीतरी जण तसं दूध पिऊन वाढले असतील. ऑस्ट्रियाच्या तिरोल भागात अशाच आजारानं १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं गेल्याची नोंद संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवत, आणि तिथेही आजार काही ठरावीक घराण्यांतच दिसला. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांच्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमहून जास्त तांबं होतं, तरी तिथे लहान मुलांत यकृताच्या आजारानं मृत्यू आढळले नाहीत, असं १९९४ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे तांब्याच्या जोडीला अंगात कुठलीतरी आनुवंशिक कमजोरी असावी लागते, असा अंदाज बळकट होतो. पण ती कमजोरी कोणत्या बाळात आहे हे जन्मल्यावर बघून कळत नाही, तेव्हा खबरदारी सगळ्याच बाळांच्या बाबतीत घ्यायची. तिला खर्चही नाही. पुणे जिल्ह्यात भांडी बदलण्याचा आणि अंगावर पाजण्याचा प्रचार झाला, त्याचा अनुभव केईएमच्या मंडळींनी १९९२ मध्ये मांडला. त्याच सुमारास स्टीलनं घराघरातून पितळेला बाजूला सारलं, आणि जो आजार वॉर्ड भरून टाकत असे तो आज तरुण बालरोगतज्ज्ञांना बहुधा पुस्तकातच भेटतो. तिरोलमध्येही भांडी बदलली आणि आजार गेला.

आता आजच्या घरातल्या वस्तू एकेक करून पाहू.

तांब्याच्या कळशीत किंवा बाटलीत रात्रभर ठेवलेलं साधं पाणी किती तांबं घेतं? बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोळा तासांनंतर लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम तांबं आढळलं, आणि त्या पाण्यात मुद्दाम सोडलेले जुलाबाचे जंतू मेले होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह पातळी ०.०५ आणि दुसरा पाणीसाठा नसेल तर चालवून घेण्याची कमाल पातळी १.५ मिलिग्रॅम आहे. तेव्हा आजोबांनी सकाळी तांब्याभर पाणी प्यायलं तर बिघडत नाही, आणि एखाद्या दिवशी चुकून तांब्याच्या जारमधलं पाणी बाळाच्या दुधात गेलं तरी घाबरून दवाखाना गाठायची गरज नाही. पण हा प्रयोग साध्या, किंचित अल्कधर्मी पाण्यावर केलेला आहे. पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल, दोन-तीन दिवस तसंच राहिलं असेल किंवा गरम असेल, तर आकडा वर जातो. आरओचं पाणी क्षार काढून टाकल्यामुळे बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. असं पाणी तांब्याच्या जारमध्ये भरून ठेवायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. लिटरला २ मिलिग्रॅम तांबं असलेल्या पाण्यात दूध कालवलं तर सहा किलोच्या बाळाच्या पोटात दिवसाला १.८ मिलिग्रॅम जाईल, म्हणजे त्याच्या गरजेच्या नऊपट.

‘कॉपर’ लिहिलेल्या यंत्रांचं थोडं समजून घ्या. आरओची जाळी पाण्यातलं तांबं बव्हंशी काढूनच टाकते. त्यानंतर बसवलेल्या नळकांड्यातून किंवा टाकीतून ते थोडं परत मिसळलं जातं. काही यंत्रांना दोन तोट्या असतात किंवा तांबं नको असल्यास निवड करता येते. बाळाचं पाणी साध्या तोटीचं घ्या. तशी सोय नसेल तर सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाकडून ते नळकांडं काढून घ्या, पाणी शुद्ध व्हायचं थांबत नाही.

गीझरचं गरम पाणी बाळाच्या दुधासाठी कधीच घेऊ नका. गॅसच्या गीझरमध्ये पाणी तांब्याच्या नळीतूनच तापत जातं. रात्री दोन वाजता बाळ रडत असताना तोटीतून आयतं गरम पाणी घ्यायचा मोह होतो, तो टाळा. थंड पाणी घ्या आणि स्टीलच्या भांड्यात उकळा. आंघोळीसाठी मात्र गीझर काय किंवा परसातला तांब्याचा बंब काय, काही हरकत नाही, कातडीतून तांबं असं शरीरात जात नाही.

तळाला बाहेरून तांब्याचा मुलामा दिलेली स्टीलची पातेली चालतात, कारण दूध आतल्या स्टीलला लागतं. कल्हईचं भांडं मोठ्यांच्या स्वयंपाकाला वापरा, पण बाळासाठी मी ते सुचवणार नाही. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवून दिलेली कल्हई नवी असते तेव्हा छान चकाकते, पण घासून घासून ती तळाशी आणि काठाशी विरते. पातेलं उजेडात तिरकं धरून बघा. रुपेरी थरातून पिवळा किंवा तांबूस डाग डोकावत असेल तर तिथे कल्हई उरलेली नाही. शिवाय कथलात शिशाची भेसळ असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, आणि शिसं बाळाच्या मेंदूला तांब्याहून वाईट.

बाळंतपणाच्या पेटीतून आजही बाहेर निघणारं बोंडलं आठवा. चांदीचं असेल तर ठीक. पितळेचं असेल, किंवा वरचा पांढरा मुलामा जाऊन आतला पिवळा धातू दिसत असेल, तर ते आठवण म्हणून जपा, बाळासाठी स्टीलची वाटी आणि चमचा घ्या. बोंडल्याच्या चोचीत दूध साचून राहतं आणि आतून घासताही येत नाही, म्हणजे जंतूंच्या दृष्टीनंही ते अडचणीचंच आहे. देवापुढच्या तांब्याच्या पंचपात्रातलं पंचामृत वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात घालू नका. त्यात दही आहे, ते तांब्यात कळकतं. त्यात मध आहे, आणि मध तर वर्षाच्या आत द्यायचाच नसतो. थोडी मोठी मुलं शाळेत तांब्याची बाटली नेतात, त्यांच्या बाटलीत साधं पाणीच भरा. लिंबाचं सरबत, ताक, कोकम भरलं तर दुपारपर्यंत पोटात मळमळ, उलटी ठरलेली.

सासूबाईंना हे सांगायचं कसं, असं अनेक मुली विचारतात. वाद नको. “आई, तांब्याचं पाणी आपण सगळे पिऊ, बाळाचं दूध तेवढं स्टीलमध्ये तापवू. ताक कळकतं तसं दूधही आतून कळकतं, फक्त दिसत नाही, असं केईएमच्या डॉक्टरांनी शोधून काढलंय,” एवढं पुरतं. ज्या बाईनं जन्मभर भांडी सांभाळली तिला कळकणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

या पट्ट्यात खरी अडचण वेगळीच आहे. चाकण, कुरुळी, निघोजे, भोसरी इथल्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या आईला दोन-तीन महिन्यांत कामावर परतावं लागतं आणि वरचं दूध तिथूनच सुरू होतं. कायद्यानं २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. ठेकेदाराकडून काम असलं तरी हक्क विचारा, लेखी विचारा. रजा मिळाली नाही तरी अंगावरचं दूध लगेच तोडू नका. स्वच्छ हातांनी दूध काढून स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या भांड्यात ठेवता येतं. सावलीत, गार खोलीत ते चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, मात्र मार्च ते मे पत्र्याच्या खोलीत चार तासांचा भरवसा धरू नका. घरी आजी किंवा शेजारीण ते वाटी-चमच्यानं पाजू शकते. पावडरचं दूध द्यावंच लागलं तर पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, ते चांगलं कढत असतानाच पावडर कालवा. पावडरीतले जंतू त्या उष्णतेनं मरतात. मग गार करून पाजा. दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या. दिवसभराचं एकदम करून कोमट ठेवण्याची सवय तेव्हाच्या पितळी भांड्यात वाईट होती आणि आजच्या थर्मासमध्येही वाईटच आहे.

पाण्याचं म्हणाल तर आधी आपल्या नळाला ते कुठून येतं हे माहीत करून घ्या. पिंपरी-चिंचवड महापालिका पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलते आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करते. अशा पाण्यात तांबं सहसा काळजी करण्याइतकं नसतं. पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं आणि वाकड, पुनावळे, मोशी, चिखली भागांतल्या सोसायट्यांत टँकर आणि बोअरवेल यांचा आधार वाढला. चाकणच्या आसपासच्या गावांत तर भाडेकरूंच्या खोल्यांना बहुधा बोअरचंच पाणी असतं. टाकीत सगळं एकत्र मिसळतं, त्यामुळे नळाला काय येतंय हे टँकरवाल्याला, घरमालकाला, कुणालाच सांगता येत नाही.

उकळल्यानं जंतू मरतात, तांबं जात नाही. उलट पाणी आटतं तसं ते थोडं दाट होतं. तुरटीनं किंवा कापडानं गाळल्यानंही विरघळलेलं तांबं निघत नाही. बेसिनमध्ये तोटीखाली निळसर-हिरवा डाग धरत असेल, पांढऱ्या कपड्यांवर तसे डाग येत असतील किंवा पाण्याला कडवट, धातूसारखी चव असेल, तर तांबं लिटरला एक मिलिग्रॅमच्या पुढे असण्याची शक्यता धरा आणि तपासणी करून घ्या. रात्रभर नळात अडून राहिलेलं पाणी पितळी तोट्या आणि जोडण्यांमधून धातू घेतं. म्हणून सकाळचं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या, फरशी पुसायला होईल, आणि नंतरचं बाळासाठी भरा.

कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी बोअरचं पाणी वर्षातून एकदा तरी तपासावं. प्लेटिंगच्या शेडमधून निघणाऱ्या सांडपाण्यात तांब्याबरोबर निकेल आणि क्रोमियमही असतं, आणि ते जमिनीत मुरलं तर बोअरमध्ये येऊ शकतं. पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, शिवाय एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळाही आहेत. ‘पाणी तपासून द्या’ एवढंच म्हटलं तर नुसते जंतू आणि क्षार पाहून अहवाल मिळतो. तांबं, शिसं, क्रोमियम, निकेल, नायट्रेट आणि सामू (पीएच) अशी नावं अर्जात लिहा. नायट्रेट मुद्दाम लिहा, कारण बोअरच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर त्या पाण्यात कालवलेल्या दुधानं तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू नेईनासं होतं आणि बाळ निळं पडतं. तेही उकळून जात नाही. सोसायटीत दहा घरांत बाळं असतील तर तपासणीचा खर्च समितीनं उचलायला हवा, सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यायला लावा.

एक गोष्ट मला या भागात फार खटकते. खोलीच्या दारात उभा असलेला निळा प्लॅस्टिकचा ड्रम. भंगारवाल्याकडून स्वस्तात मिळतो, पाणी दोन दिवस पुरतं. पण तो आधी कशाचा होता? प्लेटिंगचं द्रावण, आम्ल, मोरचूद, तेल, काहीही असू शकतं. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. अशा ड्रमचा कागद फाडलेला असतो आणि आतून धुतल्यावर तो स्वच्छ दिसतो, तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं रसायन पाण्यात उतरत राहतं. पिण्याच्या पाण्यासाठी वापरलेला रासायनिक ड्रम नको म्हणजे नको. घरात बाळ असेल तर निदान एक झाकणाची स्टीलची टाकी किंवा खाण्याच्या दर्जाचा नवा पिंप घ्या, आणि त्यातून पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

हे सगळं वाचून तांब्याच्याच भीतीनं मन व्यापू देऊ नका. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पाण्यातून होणारा सर्वांत मोठा धोका आजही जुलाबाच्या जंतूंचा आहे. हात, बाटली आणि पाणी यांची स्वच्छता पहिली, तांब्याचा विचार तिच्यानंतर.

यकृताच्या खुणा मात्र ओळखायला शिका. सर्वांत तातडीची खूण तांब्याशी संबंधित नाही, तरी ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही: जन्मानंतर दोन आठवड्यांनीही कावीळ टिकली असेल आणि बाळाची शी पांढरट, मातकट, राखेसारखी होत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पित्ताची नळी बंद असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग साधारण दोन महिन्यांच्या आत झाली तर जास्त होतो. डायपर फेकण्याआधी दिवसा उजेडात शीचा रंग बघा, मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाचं पोट फुगत असेल, ते सतत किरकिरत असेल, वजन वाढत नसेल, उजव्या बरगडीखाली कडक लागत असेल, तर कावीळ दिसायची वाट पाहू नका. केईएममध्ये १९८० च्या दशकात पेनिसिलामाइन या तांबं बाहेर काढणाऱ्या औषधाचे प्रयोग झाले तेव्हा हेच दिसलं, की औषध लवकर सुरू झालेल्या मुलांना वाचण्याची संधी जास्त मिळते. १९९६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी असं औषध घेऊन वर्षानुवर्षं बरी राहिलेल्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. काविळीची माळ, नाकात थेंब, मुळी बांधणं यांत हेच मोलाचे आठवडे निघून जातात.

पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, विमा असलेल्या कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे. जाताना डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा, कारण गर्दीत त्या विचारल्या जातीलच असं नाही: बाळाला वरचं दूध कितव्या महिन्यात सुरू झालं, ते कोणत्या भांड्यात तापतं आणि ठेवलं जातं, पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं. आणि घरात, भावंडांत किंवा नात्यात एखादं मूल यकृताच्या आजारानं गेलं असेल तर तेही, कितीही जुनी गोष्ट असली तरी, पहिल्याच भेटीत सांगा.